कापलेलं वारं

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

आपल्या दुर्बीण केंद्राच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत, पान अठ्ठेचाळीस. वर तुमचा फोटो, खाली लेख. त्यात तुम्ही म्हणता, 'हिवरतळे गावातल्या सदोष टीव्ही बूस्टरमुळे आम्हाला सहा वर्षं आकाशाचा एक पट्टा गमवावा लागला.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा कान तापले. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी वही काढली.

हिवरतळ्यानं आकाश झाकलं नव्हतं. तुम्ही झाकलं होतंत. तो बूस्टर मी या हातांनी छतावरच्या खांबावरून उतरवला होता आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर तसा कागद ठेवला होता. आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगते. मी आयटीआय झालेली बाई. लेख कसा लिहितात हे मला कुणी शिकवलेलं नाही. घडलं तसं लिहीन.

मंगळवार होता. कॅन्टीनमध्ये मी उसळीत पाव बुडवत होते आणि मिताली पेडणेकर समोर येऊन बसली. सावंतवाडीची पोरगी, सव्वीसची असेल. पीएचडीसाठी आमच्याकडे आली होती. तिच्या हातात कागदाची गुंडाळी होती आणि डोळे सुजलेले होते.

"ताई, तुम्ही आवाजवाल्या ना?"

केंद्रात मला सगळे असंच म्हणायचे. आमच्या पठारावर चौदा मोठ्या डिश उभ्या आहेत, रेडिओ दुर्बीण. आकाशातून येणारी कुजबुज इतकी बारीक, की चार कोसांवर कुणाच्या घरात एखादं खराब यंत्र गुणगुणलं तरी ती त्यात बुडते. असली यंत्रं शोधून बंद करणं ही माझी नोकरी. पाठीवर रिसीव्हर, हातात लहान अँटेना, आणि लहानूकाकांची जीप. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस नियंत्रण कक्षात ड्युटी.

"बस. चहा घे आधी."

"चहा नको. हे बघा." तिनं कागद उलगडला. "ही माझी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण शंभर कोटी प्रकाशवर्षं लांब. मधोमध कृष्णविवर. त्याच्या आजूबाजूचा भाग रेडिओत नुसता ढणाढणा पेटलाय. त्या उजेडाच्या पुढं हायड्रोजन वायू उभा आहे. तो थोडा उजेड गिळतो, म्हणून इथं खड्डा."

तेराशे एकवीस मेगाहर्ट्झच्या जरा पुढं आलेखाची रेघ खाली गेली होती. अरुंद, खोल खड्डा.

"हा जागेवर असलेला वायू," ती म्हणाली. "पण मला वाटतंय, दीर्घिकेच्या मध्यातून वायू बाहेर फेकला जातोय. आपल्या दिशेनं. तसं असेल तर खड्डा वरच्या मेगाहर्ट्झकडे पसरायला हवा."

मला डॉपलर माहीत होता, जवळ येणाऱ्याची कंपनं वाढतात ते. जेवणाच्या सुट्टीत तीन वर्षं वाचनालयात घासली होती मी. पण तिला सांगू दिलं. रडणाऱ्या माणसाला बोलू द्यावं.

"आणि पसरतोय, ताई! बघा, इथून उतार सुरू झालाय. हळूहळू वर जायला हवा ना? पण जातच नाही. तेराशे बावीसला रेघ संपते. कातरीनं कापल्यासारखी. तेराशे सव्वीसला परत सुरू."

मी पाव खाली ठेवला.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, तिथं हिवरतळ्याचा बूस्टर आहे, यादीत आहे, कापलं जाणारच. जे दिसत नाही त्यावर प्रबंध लिहिता येत नाही. गुरुवारी तीनला बैठक आहे. पुण्याहून वेळ वाटणाऱ्या जठारबाई येतायत. गुरुवारी काही दाखवता आलं नाही तर विषय बंद. पुढची, नोव्हेंबरातली माझी दुर्बिणीची सगळी वेळ दुसऱ्या गटाला." तिनं नाक ओढलं. "दोन वर्षं गेली माझी यात."

"तिथं काही नाहीये," मी म्हणाले.

"म्हणजे वायू नाही?"

"बूस्टर नाही. तो माझ्या कपाटात आहे. खालच्या कप्प्यात. सहा वर्षं झाली."

ती खुर्ची पुढं ओढून बसली.

इथं यादीचं सांगते. टॉवर लांब असला की गावात लोक छतावरच्या अँटेनाला एक डबी बांधायचे, बूस्टर. स्वस्तातली डबी असली की ती पिसाळते, स्वतःच आवाज फेकायला लागते. तसा एक आवाज तेराशे बावीस ते सव्वीसमध्ये यायचा. मीच तो पहिल्यांदा पकडला आणि मीच तो यादीत लिहिला, 'कापायच्या यादी'त. संगणक निरीक्षणातून यादीतले पट्टे आधी कापायचा आणि उरलेलंच साठवायचा, कारण तेव्हा डिस्क लहान होत्या. कापलेलं कुठंच राहायचं नाही. पुढं मी बूस्टर शोधला, काढला, नवीन चांगला बसवून दिला आणि साहेबांना लिहून दिलं: ही नोंद आता काढा. साहेब म्हणाले, "यादीत घालणं तंत्रज्ञांचं काम. यादीतून काढणं समितीचं." समिती कधी बसली नाही. मीही दोनदा विचारून गप्प झाले. माझी चूक तेवढी. ती मी लपवत नाही.

"तुझी वेळ कधी आहे?" मी विचारलं.

"उद्या बुधवारी. दहा ते दोन. शेवटची."

"बदल. गुरुवारची घे."

"ताई, गुरुवारी तीनला तर बैठक!"

"दोनपर्यंत निरीक्षण, तीनला बैठक. गुरुवारी माझी ड्युटी आहे. कुणाची वेळ आहे तेव्हा? त्या बंगाली पोराची? त्याला सांग, औटीताईंनी मागितलीय. तो देईल, त्याच्या खोलीतला उंदीर मी काढलाय."

"पण उद्या का नको?"

"गुरुवारच," मी म्हणाले. कारण सांगितलं नाही. पोरगी भाबडी होती, तोंडावर सगळं दिसायचं तिच्या. साहेबांना आधी कळलं असतं तर त्यांनी दुसरीच पळवाट शोधून ठेवली असती.

बुधवारी मी तिला जीपमध्ये घातलं आणि हिवरतळ्याला नेलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे म्हटलं.

लहानूकाका गाडी चालवताना कायम बोलायचे. "काय गं पोरी, सावंतवाडीची ना तू? मग आंबे कुठायत?"

"काका, हे दिवस आंब्याचे नाहीत."

"मग आलीस कशाला?" असं म्हणून स्वतःच हसले.

त्या बूस्टरच्या मालकीण गोदाकाकू हांडे ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघितलं आणि कपाळाला आठ्या.

"आली का परत? आता काय नेतीस? मागं डबी नेलीस. आता टीव्हीच उचल."

"काकू, नवीन डबी दिली नव्हती का तुम्हाला? चित्र सुधारलं म्हणून तुम्हीच खरवस खायला घातला होता."

"सुधारलं. पण जुनी माझ्या मालकांनी आणली होती. ती परत कर."

"केंद्राची मालमत्ता झाली ती."

"केंद्राची कशी? चोरलीस तू!" हे म्हणताना त्यांनी मितालीच्या हातात मूठभर शेंगा दिल्या. "खा गं. ही बाई उपाशी फिरवते सगळ्यांना."

मी छतावर चढले. टीव्ही लावायला सांगितला. हातातली अँटेना चारी दिशांना फिरवली आणि रिसीव्हरचा काटा मितालीला दाखवला. तेराशे वीस. तेराशे तेवीस. तेराशे पंचवीस. काटा हलला नाही. पुढच्या गल्लीत जाऊन बघितलं, शाळेवर चढून बघितलं. गाव त्या पट्ट्यात चिडीचूप होतं.

"म्हणजे सहा वर्षं..." मिताली म्हणाली.

"हो."

"रोज कापतायत."

"रोज."

तिनं हातातल्या शेंगा पदरात बांधाव्यात तशा रुमालात बांधल्या. परतीच्या वाटेवर लहानूकाका बोलत होते. उद्या डिझेल भरायचंय, जनरेटरवाला सकाळीच येणार, असलं काहीबाही. मी ऐकत होते. मला हवं होतं तेवढं ऐकलं.

गुरुवार. पावणेदहा वाजता नियंत्रण कक्षात मी आणि मिताली. खिडकीतून चौदातल्या पाच डिश दिसायच्या. मी यादीची फाइल उघडली. सातवी ओळ. तेराशे बावीस ते तेराशे सव्वीस, हिवरतळे, स. औ. ती आद्याक्षरं माझीच.

"ताई, परवानगी?"

"इन्चार्जची, म्हणजे साहेबांची सही लागते."

"मग?"

"मग काय? नोकरी माझी आहे. कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची. गेली तर लहानूकाकांच्या जीपवर क्लीनर होईन. तू तुझ्या दीर्घिकेकडे बघ."

सातवी ओळ बंद केली. डिश वळल्या. चौदा मोठाली तोंडं एकाच वेळी हलतात तेव्हा जमिनीतून एक घरघर पायांत चढते. मला ती अजून आठवते.

असं निरीक्षण म्हणजे सिनेमा नसतो. आधी पडद्यावर नुसतं गवत, म्हणजे आवाजाच्या खडबडीत बारीक रेघा. अर्ध्या तासानं गवत जरा बसतं. दर अर्ध्या तासानं आम्ही शेजारच्या एका साध्या, तेजस्वी स्रोताकडे चार मिनिटं वळायचो, यंत्र नीट आहे ना बघायला, आणि परत दीर्घिकेकडे. अकरा वाजता तो जुना अरुंद खड्डा उगवला. साडेअकराला त्याच्या कडेचा उतार. बारा वाजता तेराशे बावीसची रेषा ओलांडली. पहिल्यांदाच तिथं काहीतरी होतं. पण ते काय, हे कळेना. गवतच फार.

"नसेल," मिताली पुटपुटली. "सपाटच असेल."

"गप बस."

"ताई, मला भीती वाटतेय."

"शेंगा खा."

साडेबारा. एक. सव्वा वाजता ती खुर्चीतून उठली. पडद्याजवळ गेली, इतकी जवळ की तिचा श्वास काचेवर उमटला. तिनं बोट ठेवलं तेराशे एकवीसवर आणि हळूहळू उजवीकडे नेलं. बावीस. तेवीस. चोवीस. रेघ तिच्या बोटाखालून चालली होती, पातेल्याच्या तळासारखी, उथळ, रुंद, सलग. एकूण उजेडाच्या शंभर भागांतला अर्धा भागसुद्धा खोल नसेल. पंचवीसच्या आसपास ती सावकाश वर आली आणि सपाट झाली.

"आठशे," मिताली म्हणाली. आवाज फाटला होता. "ताई, सेकंदाला आठशे किलोमीटर. हे सगळं बाहेर येतंय. अख्ख्या दीर्घिकेच्या पोटातून वारं सुटलंय!"

मला एकदम गोदाकाकूंची चूल आठवली. फुंकणीनं त्या इतका जोर लावायच्या की जळतं लाकूडच बाहेर उडून यावं. त्या दीर्घिकेचंही तेच चाललं होतं. मधली आग इतकी माजलेली, की पुढचे तारे ज्यातून व्हायचे तो वायूच ती बाहेर उधळत होती. आणि हे आमच्या पडद्यावर, भरदुपारी, उसळ-पाव खाल्लेल्या दोन बायकांसमोर.

मी टेबलावर हात आपटला. "दिसलं! दिसलं की गं!" मिताली माझ्या गळ्यात पडली आणि रुमालातल्या शेंगा जमिनीभर झाल्या.

त्याच वेळी दार उघडलं. साहेब, तुम्ही आलात. तुमच्याबरोबर जठारबाई होत्या, पांढरे केस, हातात काठी. बैठकीच्या आधी त्यांना दुर्बीण बघायची होती.

तुम्ही आधी पडदा बघितला नाहीत. कोपऱ्यातली यादी बघितलीत.

"सातवी ओळ कुणी काढली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"सहा वर्षांपूर्वी तुम्हालाच विचारलं होतं. उत्तराची वाट बघत होते."

"औटीबाई, तुम्ही पाने-पकडी सांभाळा. विज्ञान आमच्याकडे राहू द्या." मग तुम्ही जठारबाईंकडे वळून हसलात. "हे असं होतं. स्थानिक लोक. उत्साह असतो."

जठारबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या. "हा खड्डा रुंद आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं निरीक्षण?"

"माझं, मॅडम," मिताली म्हणाली.

"हा खड्डा नाही," तुम्ही म्हणालात. "हिवरतळ्याचा बूस्टर आहे."

"साहेब, बूस्टर भर घालतो," मी म्हणाले. "आवाज म्हणजे ढीग. हा खड्डा आहे. मी बारा वर्षं ढीग उपसतेय, खड्डा ओळखू येतो मला."

"जोरदार बूस्टरनं रिसीव्हर दबतो आणि खड्डा दिसतो. हे आयटीआयमध्ये शिकवत नसतील."

खोटं नव्हतं ते. तसं होऊ शकतं. म्हणून मी भांडले नाही. म्हटलं, "दबला असेल तर कुठंही वळलं तरी दबलेलाच दिसेल. वळू?"

"वळा," जठारबाई म्हणाल्या.

डिश वळल्या. शेजारचा स्रोत. चार मिनिटं तिकडं. मिताली नखं खात होती. पडद्यावर रेघ आली: बावीस ते सव्वीस, सपाट, इस्त्री केल्यासारखी. परत दीर्घिकेकडे वळलो. आधीच्या तीन तासांवर नवीन मिनिटं चढली, खड्डा जागच्या जागी.

"योगायोग," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज आता जरा चढला होता. "गावातली यंत्रं चालू-बंद होत असतात. दीर्घिकेवर होतात तेव्हा बूस्टर चालू. तिकडं वळलात तेव्हा कुणीतरी टीव्ही बंद केला."

"सकाळपासून आम्ही सहा-सात वेळा तिकडं वळलो. दरवेळी बंद?"

"असू शकतं. हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे, माझी नाही."

"म्हणजे, साहेब, तुमचं म्हणणं असं की दहापासून आत्तापर्यंत हिवरतळ्यात तो बूस्टर चालू होता. म्हणून हा खड्डा."

"तेच सांगतोय केव्हापासून."

"दुसरं कारण नाही?"

"नाही."

"मॅडम, ऐकलंत?"

"ऐकलं," जठारबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला काय म्हणायचंय?"

मी उठले. दाराशेजारच्या भिंतीवर एक झेरॉक्स कागद चिकटवलेला होता, चहाचे डाग पडलेला. बाहेरच्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नसतं. आमच्यासाठी तो पंचांगासारखा होता. आसपासच्या कुठल्या गावाची वीज कुठल्या वारी किती वाजता जाणार, याचं वेळापत्रक. लोक लोडशेडिंगला शिव्या द्यायचे आणि आम्ही आवाजवाले त्याची वाट बघायचो. गावात वीज नाही म्हणजे टीव्ही नाही, बूस्टर नाही, मोटर नाही, आकाश स्वच्छ. केंद्राला स्वतःचा जनरेटर. नाजूक निरीक्षणं मी नेहमी त्याच तासांत लावायची. साहेब, तुम्ही रोज त्या कागदासमोरून आत यायचात. वाचला कधी नव्हतात.

मी बोट ठेवलं. "गुरुवार. हिवरतळे फीडर. सकाळी नऊ ते दुपारी चार."

मिताली माझ्याकडे वळली. "म्हणून गुरुवार..."

"वेळापत्रक कागदावर असतं," तुम्ही म्हणालात. "प्रत्यक्षात वीज आलेलीही असेल."

बरोबर होतं तेही. मी फोन उचलला आणि सबस्टेशनला लावला. स्पीकर चालू केला.

"हॅलो, दुर्बिणीवरून औटी बोलतेय. हिवरतळे फीडर चालू आहे का?"

"कसला चालू, ताई? नऊला ओढलाय. चारला देणार."

"मध्ये दिला होता का? पाच मिनिटं तरी?"

"अहो, तिथं पोलवर आमची माणसं चढलीत सकाळपासून. तार बदलतायत. दिला असता तर चिकटली असती ना! काय साहेबांना पाहिजेल का लाईट? साहेबांना सांगा, चारपर्यंत घाम पुसा."

फोन ठेवला. जठारबाईंच्या तोंडून हसू फुटलं, म्हातारं, खोकल्यासारखं. मग त्या गंभीर झाल्या.

"आणि इन्व्हर्टर?" तुम्ही विचारलंत. तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"हिवरतळ्यात एक इन्व्हर्टर आहे," मी म्हणाले. "पतसंस्थेत. पतसंस्थेला टीव्ही नाही. आणि काल गावभर अँटेना फिरवली आम्ही, वीज असताना. या पट्ट्यात एक काटा हलला नाही. ही पोरगी माझ्याबरोबर होती. तुमचा बूस्टर हवा असेल तर कपाटाची किल्ली देते. खालचा कप्पा."

तुम्ही खुर्ची ओढून बसलात.

जठारबाई काठी टेकत पडद्याजवळ गेल्या. त्यांनीही बोट ठेवलं आणि एकवीसपासून पंचवीसपर्यंत नेलं, अगदी मितालीसारखंच. पोचल्यावर बोट काढलं नाही.

"किती?"

"आठशे, मॅडम," मिताली म्हणाली. "किलोमीटर, सेकंदाला. अजून बारकाईनं काढायचंय."

"वायू किती असेल याचा अंदाज?"

"नाही काढला. आत्ताच दिसलंय. आत्ता, सव्वा वाजता."

"मग तीनच्या बैठकीची गरज नाही. ही बैठक झाली. विषय चालू राहील. नोव्हेंबरातली वेळ हिची हिलाच, आणि वर तेवढीच अजून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यादीत ही ओळ कुणी घातली होती?"

"मी, मॅडम. स. औ."

"मग खोडा की. वाट कुणाची बघताय?"

"काढणं समितीचं काम आहे."

"मी समितीतच आहे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मला कुणी बोलावलं नाही एवढंच."

मी फाइल उघडली. सातवी ओळ. सकाळी नुसती बंद केली होती, आता पुसली. आद्याक्षरंही गेली. माझ्या हातून इतक्या आनंदानं माझं नाव कधी पुसलं गेलं नव्हतं. मिताली जमिनीवर बसून शेंगा वेचत होती. रडत होती आणि हसत होती, आणि जठारबाई काठीनं तिला राहिलेल्या शेंगा दाखवत होत्या. "ती बघ, टेबलाखाली. आणि दोन मला दे."

मितालीचा शोधलेख पुढच्या वर्षी छापून आला. तुम्ही म्हणाला होतात, तंत्रज्ञांचे आभार शेवटी मानायची पद्धत आहे. मितालीनं ऐकलं नाही. नावं तीनच छापली गेली आणि त्यांत तिसरं माझं. लहानूकाकांनी तो कागद जीपच्या काचेला आतून चिकटवला. इंग्रजी येत नव्हतं त्यांना, पण 'औटी' कुठं आहे ते पाठ झालं होतं. रस्त्यात भेटेल त्याला गाडी थांबवून दाखवायचे.

मी गोदाकाकूंकडे गेले. जुनी डबी घेऊन. त्यांनी ती पदरानं पुसली आणि मालकांच्या फोटोखाली ठेवली.

"मग? कशासाठी नेली होतीस एवढी?"

मी सांगितलं. लांब एक ताऱ्यांचं गाव आहे, त्याच्या मध्यातून वारं बाहेर सुटलंय, आपल्याच दिशेनं.

"इकडं येतंय?"

"येतंय, पण पोचायचं नाही. आपल्याला दिसतंय ते शंभर कोटी वर्षांपूर्वीचं."

"आणि माझ्या घरावरून दिसलं ते?"

"तुमच्या घरात काही वाजत नव्हतं, म्हणून दिसलं."

त्यांनी डबी परत एकदा पुसली. मग म्हणाल्या, "मग लिही तसं कुठंतरी. हिवरतळ्याचं नाव घालून लिही."

लिहिलं, काकू. हे तेच.

आता तुमच्याशी, साहेब. स्मरणिका वाचल्यावर मी केंद्रात जाऊन जुन्या नोंदवह्या काढल्या. निवृत्त बाईला आत सोडायला सुरक्षारक्षकानं अर्धा तास लावला, पण सोडलं. चार दिवस बसले. बूस्टर उतरवला त्या दिवसापासून सातवी ओळ पुसली त्या दिवसापर्यंत, त्याच पट्ट्यात ज्यांनी निरीक्षण केलं आणि ज्यांचा मधला भाग कापला गेला, अशी माणसं मोजली. एकोणचाळीस. त्यांतल्या अकरा जणांच्या पुढं तुमच्या अक्षरात शेरा आहे, 'काही आढळले नाही. बंद.' मिताली बारावी झाली असती. त्या अकरांतल्या दोघांनी विषयच सोडला, एक आता बँकेत आहे. त्यांचं कापलेलं परत मिळणार नाही, ते कुठंच साठवलेलं नाही. पण त्यांचं चुकलं नव्हतं, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं. तुम्हाला ते त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता कळलं. जठारबाईंसमोर कळलं.

त्यानंतर त्या अकरांपैकी किती जणांना तुम्ही पत्र टाकलंत? मला आकडा हवा. शून्य असेल तर शून्य लिहा, पण स्वतःच्या नावानं लिहा.